यंत्र जुने चालेल, डिस्क नवी हवी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला द्यायचा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१७-१८च्या पुढचा लागतो. त्यामुळे ज्यांत काहीच बिघडलेले नाही असे असंख्य संगणक या तारखेनंतर निकामी समजले जाऊ लागले. असा संगणक आधी टेबलावरून खाली येतो, मग माळ्यावर जातो आणि एखाद्या दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. त्याच घरात दुसरीकडे निराळीच ओढाताण चालू असते. कुणाच्या ना कुणाच्या फोनवर जागा संपल्याची सूचना झळकत असते. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट, त्यापुढे भाडे. लग्नाचे चित्रीकरण डीव्हीडीवर पडून असते आणि डीव्हीडी लावायचे यंत्रच घरात उरलेले नसते. सातबाऱ्याचे उतारे, खरेदीखत, विम्याचे कागद, मुलांच्या गुणपत्रिका यांचे स्कॅन कुणाच्या व्हॉट्सॲपवर, कुणाच्या पेन ड्राइव्हवर, कुणाच्या मेलमध्ये विखुरलेले असतात. माझे म्हणणे असे, की माळ्यावरचा तो संगणक घरातल्या सगळ्या फाइली एका जागी सांभाळायला आजही पुरून उरतो, आणि आपल्या छायाचित्रांची नि कागदांची निदान एक पूर्ण प्रत घराच्याच ताब्यात असायला हवी. यात एक अट मात्र आहे आणि ती पाळली नाही तर सगळा खटाटोप धोक्याचा ठरतो. यंत्र जुने चालेल. माहिती ज्या हार्ड डिस्कवर राहणार ती नवी हवी, आणि त्या माहितीची दुसरी प्रतही हवी.

फाइल सर्व्हरचे, म्हणजे घरातल्या फाइली सांभाळणाऱ्या संगणकाचे, काम मुळात हलके असते, यावर हा सगळा युक्तिवाद उभा आहे. त्याला पडद्यावर काही दाखवायचे नसते, गेम चालवायचा नसतो, पंचवीस टॅब उघडून बसायचे नसते. राउटरला जोडलेल्या अवस्थेत तो गप्प उभा असतो; घरातल्या एखाद्या फोनने किंवा लॅपटॉपने फाइल मागितली की डिस्कवरून वाचून द्यायची, पाठवली की लिहून ठेवायची, एवढेच त्याला करायचे असते. विंडोजचे संगणक ही देवाणघेवाण ज्या पद्धतीने करतात तिला एसएमबी म्हणतात. तिचा उगम १९८०च्या दशकात आयबीएममध्ये झाला. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करत असताना अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२च्या सुमारास दोन यंत्रांमधली ये-जा निरखून, तसाच वागणारा प्रोग्रॅम युनिक्ससाठी लिहिला. तोच पुढे सांबा या नावाने जगभर पसरला आणि आजही तो फुकट मिळतो. बाजारात फाइली साठवण्यासाठी जे तयार डबे विकत मिळतात, त्यांतल्या बहुतेकांच्या पोटातही सांबाच असतो. १९९०च्या दशकात ८-१६ एमबी रॅमच्या यंत्रांवर लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम आणि सांबा घालून लहान कार्यालयांचे फाइल सर्व्हर चालत. आज आपण टाकून देतो त्या संगणकात ४ जीबी रॅम असते, म्हणजे त्या यंत्रांच्या अडीचशे पटींहून अधिक. विंडोज १०ने ज्याला घाम फोडला, त्याच यंत्राला हे काम दिले की त्याचा प्रोसेसर दिवसातला बहुतेक वेळ रिकामा बसून असतो.

वेग कुठे अडतो हे आकड्यांनीच पाहू. आजची साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे एमबी किंवा त्याहून अधिक वेगाने वाचू शकते. गिगाबिट लॅन केबलमधून प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० एमबी जातात. म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वीच्या संगणकातसुद्धा आधी तार भरते. प्रोसेसर आणि डिस्क तिच्यामागे थांबतात. पण तीच जोडणी १०० मेगाबिटची असेल तर वेग ११ एमबीवर येतो. २०० जीबीचा फोटोसंग्रह पहिल्या जोडणीवर अर्ध्या तासात चढतो, दुसऱ्या जोडणीवर पाच तास घेतो. म्हणून नवा प्रोसेसर घेण्यापेक्षा तारेकडे लक्ष द्यावे. गिगाबिटसाठी लॅन केबलमधल्या आठही बारीक तारा धड असाव्या लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. क्लिप नीट न बसवलेल्या केबलमधल्या उरलेल्या चारांपैकी एखादी तार सुटलेली असली, तरी जोडणी चालू दिसते आणि वेग मात्र दहापट कमी मिळतो. इंटरनेटवाल्याने दिलेल्या स्वस्त राउटरचे पोर्टही पुष्कळदा १०० मेगाबिटचेच असतात, तेही तपासावे. फोन आणि लॅपटॉप वायफायवर असले तर चालतील, सर्व्हर मात्र तारेनेच राउटरला जोडावा.

अर्थात 'जुना' याला मर्यादा आहे. साधारण २००९-१० नंतरचा, ६४ बिट प्रोसेसरचा, साटा डिस्क घेणारा आणि गिगाबिट पोर्ट असलेला संगणक असेल तर खुशाल वापरावा. पेंटियम ४च्या काळातले यंत्र मात्र नको. ते नुसते चालू राहण्यासाठी आजच्या यंत्राच्या कितीतरी पट वीज ओढते, त्यातल्या आयडीई जोडणीच्या डिस्क आता नव्या मिळत नाहीत आणि डेबियन या लिनक्सच्या ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीने ३२ बिट संगणकांसाठीचा इन्स्टॉलरही बंद केला आहे. असे यंत्र अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावे, भंगारात नाही. जुना लॅपटॉप मिळाला तर आणखी चांगले. तो वीज थोडी खातो, आणि बॅटरीत थोडा जीव शिल्लक असेल तर वीज गेल्यावर काही मिनिटे स्वतःला सावरून धरतो. फक्त बॅटरी फुगलेली नाही ना, हे खालचे झाकण उघडून पाहावे. कीबोर्ड मधोमध उचलल्यासारखा दिसत असेल किंवा टचपॅड दाबला जात नसेल तर ती बॅटरी काढून टाकावी आणि लॅपटॉप थेट विजेवर चालवावा. चोवीस तास चार्जरला लावून ठेवायच्या यंत्रात फुगलेली बॅटरी म्हणजे घरात आगीला निमंत्रण आहे.

आता डिस्क. संगणकाचा मदरबोर्ड जळला तर दुसरा संगणक मिळतो आणि डिस्क काढून त्याला लावता येते. गेला तर एक दिवस जातो. डिस्क गेली तर मात्र फाइलीच जातात. बॅकब्लेझ ही अमेरिकेतली साठवणूक कंपनी आपल्या हजारो डिस्कचा हिशेब २०१३ पासून जाहीर करत आली आहे. अलीकडच्या वर्षांत तिच्याकडच्या डिस्क वर्षाला साधारण १ ते दीड टक्का या दराने बंद पडतात. हा दर लहान वाटतो, पण ज्या घरात एकच डिस्क आहे तिथे टक्केवारीला अर्थ नसतो. त्या घराचे शंभर टक्के जातात. शिवाय वातानुकूलित दालनात, स्थिर विजेवर फिरणाऱ्या डिस्कचा हा हिशेब आहे, मे महिन्यातल्या नागपुरातल्या माळ्याखालचा नाही. डिस्क मरण्याआधी सांगते, असा एक समज आहे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि ती नोंद वाचता येते हे खरे. किती तास फिरली, किती खराब जागा बदलून दुसऱ्या वापरल्या, किती जागा संशयित म्हणून रांगेत आहेत, हे सगळे तिथे लिहिलेले असते. संशयित जागांचा आकडा शून्याच्या वर गेला की ती डिस्क कामातून काढावी. पण शून्य म्हणजे निर्धास्त, असे नाही. गुगलच्या तीन संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक, ५६ टक्के डिस्कवर, सर्वांत भरवशाच्या चार खुणांपैकी एकही उमटलेली नव्हती. म्हणून जुन्या संगणकातली मूळ डिस्क, स्मार्टची नोंद स्वच्छ असली तरी, घरातल्या एकमेव आठवणींसाठी वापरू नये. ती काढून ठेवावी आणि ४ टीबीच्या आसपासची नवी डिस्क घालावी. या सगळ्या उद्योगात खरा खर्च डिस्कचाच आहे, आणि त्यात काटकसर करू नये.

कॅबिनेट उघडले की पहिले काम धुळीचे. पंख्याच्या पात्यांवर आणि प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पन्हाळींत वर्षानुवर्षांची धूळ लोकरीसारखी बसलेली असते. ती मऊ ब्रशने काढावी, पंखा बोटाने धरून ठेवावा, म्हणजे तो गरागरा फिरत नाही. मग मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी दिसेल, तिच्यावर सीआर२०३२ असे कोरलेले असते. दहा वर्षे जुन्या यंत्रात ती बहुधा संपलेली असते, आणि तिच्या अभावी वीज गेली की संगणक तारीख विसरतो. तारीख चुकली की फाइलींवर भलत्या वर्षांचे शिक्के पडतात, ठरलेल्या वेळी व्हायचे काम होत नाही आणि सुरक्षित जोडण्याही नकार देतात. किराणा दुकानातही मिळणारी ही बॅटरी आधीच बदलून टाकावी. संगणक चालू होताना बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, शिरून दोन गोष्टी कराव्यात. घड्याळ लावावे, आणि गेलेली वीज परत आली की यंत्राने आपोआप चालू व्हावे, ही सोय सुरू करावी; ती बहुतेक मदरबोर्डवर असते आणि सहसा बंद ठेवलेली असते. भारनियमन असलेल्या गावात हीच सोय सर्व्हरला उपयोगाचा ठेवते, नाहीतर दर वेळी कुणीतरी जाऊन बटण दाबावे लागते. जुन्या बायोसला २ टीबीहून मोठ्या डिस्कवरून संगणक सुरू करता येत नाही, याची भीती बाळगू नये. ऑपरेटिंग सिस्टीम एका लहान एसएसडीवर ठेवायची आणि मोठी डिस्क फक्त माहितीसाठी वापरायची. लिनक्स ती बिनतक्रार ओळखतो.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणून ओपनमीडियाव्हॉल्ट सुचवतो. फ्रीनॅस या जुन्या प्रकल्पावर काम केलेल्या फोल्कर टायले यांनी ते २०११मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केले. ते डेबियनवर उभे आहे, फुकट आहे आणि १ जीबी रॅमवरही चालते. याच क्षेत्रातल्या ट्रूनॅसचे नाव अधिक गाजलेले आहे, पण त्याला किमान ८ जीबी रॅम हवी असते. जुन्या यंत्राला ते ओझे नको. पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर उतरवून घ्यावा, मॉनिटर आणि कीबोर्ड तासाभरासाठी जोडावा, पडद्यावर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावी. त्यानंतर सर्व्हरला मॉनिटर लागतच नाही. घरातल्या कुठल्याही लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता टाकला की त्याचे नियंत्रणाचे पान उघडते. तो पत्ता रोज बदलू नये म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये या यंत्रासाठी एक पत्ता राखून ठेवावा. सुरुवातीचा पासवर्ड सगळ्या जगाला ठाऊक असतो, तो पहिल्याच दिवशी बदलावा. मग घरातल्या प्रत्येकासाठी वेगळे खाते काढावे. पासवर्डशिवाय सगळ्यांना खुले फोल्डर ठेवण्याचा मोह होतो, पण विंडोजच्या नव्या आवृत्त्या अशा फोल्डरला सहसा हात लावत नाहीत आणि ते योग्यच आहे. फोटोंचे फोल्डर मुलांना फक्त पाहता येईल, लिहिता किंवा पुसता येणार नाही, अशी परवानगी द्यावी. विंडोजमध्ये हे फोल्डर एखाद्या अक्षराच्या ड्राइव्हसारखे दिसू लागते. आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये २०१९च्या आयओएस १३ पासून ही सोय आहे आणि अँड्रॉइडवर अनेक फाइल मॅनेजर हे काम करतात.

इथवर आलेल्या माणसाला वाटते, आता सगळे सुरक्षित झाले. तसे ते झालेले नसते, आणि या विषयावर लिहिताना सर्वांत ठासून सांगायची गोष्ट हीच आहे. फाइली एका जागी आणल्या म्हणजे त्या एकाच वेळी जाण्याची सोयही आपणच केली. यावर दोन डिस्क लावून त्या एकमेकींचा आरसा कराव्यात, म्हणजे रेड करावे, असा सल्ला मिळतो. रेडची कल्पना बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८च्या निबंधात मांडली ती डिस्क बंद पडली तरी काम थांबू नये म्हणून. चुकून पुसलेली फाइल आरशातूनही त्याच क्षणी पुसली जाते. विजेचा लोंढा आला तर एकाच एसएमपीएसवरच्या, म्हणजे एकाच वीजपुरवठ्यावरच्या, दोन्ही डिस्क बरोबर जातात. चोर कॅबिनेटच उचलून नेतो. घरात तास-दोन तास सर्व्हर बंद राहिला तर कुणाचे अडत नाही, तेव्हा दुसऱ्या डिस्कचे पैसे आरशात घालू नयेत. ती यूएसबीची बाहेरची डिस्क घ्यावी, आठवड्यातून एकदा जोडावी, नवे-बदललेले तेवढे उतरवून घ्यावे आणि काढून कपाटात ठेवावी. हे उतरवण्याचे काम करणारा आरसिंक हा प्रोग्रॅमही त्याच अँड्र्यू ट्रिजेल यांनी पॉल मॅकरस यांच्यासह १९९६मध्ये लिहिला. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये तो आधीपासून असतो. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम घराला तंतोतंत लागू पडतो. तिसरी प्रत गावच्या घरी किंवा बहिणीकडे ठेवावी. सणावाराला जाणे-येणे होतेच, तेव्हा डिस्कची अदलाबदल करता येते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळे क्लाउडवर विनासायास होत असताना घरात नसता व्याप कशाला? क्लाउडविरुद्ध माझी तक्रार नाही. घराबाहेरची प्रत म्हणून ते उत्तम आहे. आक्षेप आहे तो एकमेव प्रत म्हणून त्यावर विसंबण्याला. क्लाउड म्हणजे कुठल्यातरी इमारतीतल्या डिस्कच असतात आणि इमारती जळतात. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचे केंद्र जळले आणि ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती त्यांची माहिती कायमची गेली. सप्टेंबर २०२५मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी माहिती केंद्राला आग लागली. तिथे सरकारी कर्मचाऱ्यांच्या ८५८ टीबी फाइली नष्ट झाल्या, कारण त्यांची दुसरी प्रतच नव्हती. मोठ्या कंपन्या घरापेक्षा जास्त काळजी घेतात हे मान्य करूनही एक धोका उरतो, तो नियमांचा. दोन वर्षे न वापरलेली खाती पुसून टाकायला गुगलने डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली. एखाद्या घरातले आजोबा गेले आणि त्यांच्या खात्यात कोण शिरणार हे कुणी ठरवले नव्हते, तर त्यांनी काढलेले सगळे फोटो या नियमात बसतात. फोनमधून पुसले की क्लाउडमधूनही पुसले जाते, हेही अनेकांना फोटो गेल्यावरच कळते.

दुसरा आक्षेप विजेच्या बिलाचा, आणि त्यात तथ्य आहे. जुना डेस्कटॉप स्वस्थ उभा असतानाही ४५ वॅट घेतो असे धरले, तर चोवीस तास चालवून महिन्याला ३२ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तर सव्वातीनशे रुपये, वर्षाला जवळजवळ चार हजार. क्लाउडची १०० जीबीची जागा यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. तेव्हा ज्यांचा सारा पसारा पन्नास-शंभर जीबीत मावतो, त्यांनी पैसे वाचवायला म्हणून या वाटेला जाऊ नये. बाहेरच्या दोन डिस्क आणि क्लाउड एवढे त्यांना पुरेल. पण व्हिडिओ काढणाऱ्या घराचा पसारा तेवढ्यात मावत नाही. फोनवरचे साधे फुल एचडी चित्रीकरण मिनिटाला शंभर एमबीहून जास्त जागा घेते. मुलांच्या स्नेहसंमेलनाचा तासाभराचा व्हिडिओ म्हणजे सहा-सात जीबी झाले. अशा घरापुढे दोन उपाय आहेत. जुना लॅपटॉप असेल तर तो १५ वॅटमध्ये भागवतो, महिन्याला ११ युनिटांच्या आत. डेस्कटॉपच असेल तर तो चोवीस तास चालू ठेवण्याचे कारणच नाही. बायोसमध्ये संध्याकाळी सातला आपोआप चालू होण्याची वेळ लावता येते आणि रात्री अकराला बंद होण्याची वेळ ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये ठरवता येते. चार तासांचे महिन्याला साडेपाच युनिट होतात. नवे, कमी वीज खाणारे यंत्र घेणे पर्यावरणाला बरे, असाही मुद्दा येतो. पण यंत्र जन्माला घालण्याचा खर्च मोठा असतो. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४च्या अभ्यासाप्रमाणे मॉनिटरसह एक डेस्कटॉप बनवायला किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी लागत होते. आणि २०२२मध्ये जगात निघालेल्या ६.२ कोटी टन ई-कचऱ्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. संध्याकाळचे चार तास चालणाऱ्या जुन्या यंत्राला हा हिशेब झुकते माप देतो.

तिसरी भीती हल्लेखोरांची. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर जो धुमाकूळ घातला, तो एसएमबीच्या पहिल्या, जुनाट आवृत्तीतल्या फटीतूनच घातला. २०२१मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या घरगुती साठवण डब्यांतल्या फाइली दुरून पुसल्या गेल्या आणि जानेवारी २०२२मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रॅमने क्यूनॅप कंपनीच्या डब्यांवर कुलपे घातली. या दोन्ही घटनांत फटका बसला तो इंटरनेटवर थेट उघडे असलेल्या डब्यांना. म्हणजे धोका घरात सर्व्हर असण्यात नाही, तो बाहेरून उघडण्यात आहे. राउटरमध्ये पोर्ट उघडून सर्व्हर जगापुढे आणायचा नाही, हा नियम कसोशीने पाळावा. एसएमबीची पहिली आवृत्ती सांबाने २०१९पासून आपणहून बंदच ठेवलेली आहे. एखादा जुना टीव्ही हट्ट करतो म्हणून ती पुन्हा चालू करू नये. प्रवासात असताना घरची फाइल हवीच असेल, तर वायरगार्डसारख्या व्हीपीएनचा खाजगी बोगदा वापरावा. भारतात बहुतेक घरगुती जोडण्यांना स्वतःचा बाहेरचा आयपी पत्ता मिळत नाही, शेकडो घरांत मिळून एकच असतो, त्यामुळे साधा वायरगार्ड तिथे अडतो. त्याच तंत्रावर चालणारे टेलस्केल ती अडचण ओलांडते. खंडणीखोर प्रोग्रॅम घरातल्या लॅपटॉपमधूनही सर्व्हरवर पोचू शकतो, आणि त्यावर कपाटात काढून ठेवलेल्या डिस्कइतका भक्कम उपाय दुसरा नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. घरात हे सगळे एकाच व्यक्तीला कळते. ती परगावी गेली, आजारी पडली किंवा तिचे काही बरेवाईट झाले तर उरलेल्यांसाठी तो डबा म्हणजे कुलूपबंद पेटी होते. क्लाउडच्या खात्यासाठी निदान कंपनीकडे अर्ज तरी करता येतो. याचे उत्तर रचनेतच द्यावे लागते. सर्व्हरमधली डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीची असते आणि ती विंडोजच्या लॅपटॉपला जोडली तर उघडत नाही. म्हणून कपाटातली बाहेरची डिस्क मुद्दाम एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने तयार करावी. ती कुणीही, कुठल्याही लॅपटॉपला लावून वाचू शकतो, सर्व्हर बंद असला तरी. तिच्यावर फाइली झिप किंवा कुठल्या खास बॅकअपच्या रूपात गुंडाळून ठेवू नयेत, जशा आहेत तशा, वर्षाच्या आणि प्रसंगाच्या नावाने केलेल्या फोल्डरांत असाव्यात. पूर्ण डिस्क कुलूपबंद करण्याचा सल्ला कार्यालयाला ठीक आहे; घरात मात्र विसरलेला पासवर्ड चोरापेक्षा जास्त फोटो घालवतो. बँकेचे, पॅनचे, आधारचे कागद तेवढे वेगळ्या फोल्डरात पासवर्ड लावून ठेवावेत. सर्व्हरचा पत्ता, सगळे पासवर्ड, बाहेरची डिस्क कुठे आहे आणि ती कशी उघडायची, हे चार ओळींत मराठीत लिहून तो कागद मुदत ठेवींच्या पावत्यांबरोबर ठेवावा. आणि सहा महिन्यांतून एकदा, ज्याला संगणकातले फारसे कळत नाही अशा घरातल्या माणसाच्या हातात तो कागद नि ती डिस्क द्यावी आणि एखादा जुना फोटो शोधून उघडायला सांगावे. तो अडला, तर कागद तिथल्या तिथे दुरुस्त करावा.